बाँडची भूमिका नट सोडतो, की ती त्याच्या हातून जाते?

सिनेजिज्ञासू यांचा प्रश्न

गेल्या काही महिन्यांत मी १९६२ च्या ‘डॉक्टर नो’पासून २०२१ च्या ‘नो टाइम टू डाय’पर्यंत ईऑन प्रॉडक्शन्सचे सगळे, म्हणजे २५ बाँडपट प्रदर्शनाच्या क्रमाने पाहिले. सुटे सुटे पाहताना जे कधी लक्षात आले नव्हते, ते असे सलग पाहताना ठळक झाले. नवा नट येतो तेव्हा त्याच्या आगमनाची केवढी तरी मांडामांड केलेली असते. त्याचा चेहरा मुद्दाम उशिरा दाखवतात, नाव सांगण्याचा क्षण राखून ठेवतात. जुना नट जातो तेव्हा मात्र चित्रपटाला त्याची गंधवार्ताही नसते. १९८९ च्या चित्रपटात टिमथी डाल्टन शेवटी कपड्यांसकट जलतरण तलावात उडी मारतात आणि सहा वर्षांनी त्याच नावाचा माणूस पिअर्स ब्रॉस्नन यांच्या चेहऱ्याने परत येतो. रीतसर निरोप म्हणावा असा फक्त डॅनियल क्रेग यांना मिळाला.

शॉन कॉनरी, जॉर्ज लेझनबी, रॉजर मूर, डाल्टन, ब्रॉस्नन आणि क्रेग या सहा नटांपैकी भूमिका आपणहून कोणी सोडली आणि कोणाकडून ती काढून घेतली गेली? ‘वय झाले’ हे नेहमीचे उत्तर मला पुरेसे वाटत नाही, कारण जॉर्ज लेझनबी यांचा चित्रपट लागला तेव्हा ते जेमतेम ३० वर्षांचे होते आणि रॉजर मूर ५७ व्या वर्षीही पडद्यावर बाँड म्हणून उभे होते. ‘चित्रपट चालेनासे झाले’ हेही पटत नाही. ब्रॉस्नन यांच्या २००२ च्या चित्रपटाने जगभरात ४३ कोटी डॉलरांच्या आसपास गल्ला जमवला, आणि महागाई हिशेबात न धरता पाहिले तर तो मालिकेतला तोवरचा उच्चांक होता. तरीही तोच त्यांचा शेवटचा ठरला. मग नेमके घडते तरी काय? ज्यांनी या मालिकेच्या निर्मितीचा इतिहास बारकाईने वाचला आहे, त्यांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

पडद्यामागचा यांचा प्रतिसाद

आपण ‘सोडली’ आणि ‘काढून घेतली’ अशी दोन खाती केली आहेत. या सहा जणांतले बहुतेक जण त्या दोन खात्यांच्या मधल्या जागेत बसतात, असे मला वाटते. आणि ती मधली जागा समजून घ्यायची तर ही भूमिका मुळात कोणाच्या मालकीची आहे, ते आधी पाहावे लागते.

१९६१ मध्ये अल्बर्ट ब्रॉकली आणि हॅरी सॉल्ट्झमन या दोन निर्मात्यांनी ईऑन प्रॉडक्शन्स ही कंपनी काढली. इयान फ्लेमिंग यांच्या बहुतेक बाँड कादंबऱ्यांचे चित्रपटहक्क त्यांच्याकडे होते आणि भांडवल युनायटेड आर्टिस्ट्स या अमेरिकी कंपनीचे होते. नट या व्यवहारात सर्वांत शेवटी आला. त्याच्याशी ठरावीक संख्येच्या चित्रपटांचा करार होतो, आणि त्यापुढे त्याला बोलवायचे की नाही हा पर्याय, ज्याला या व्यवसायात ‘ऑप्शन’ म्हणतात, सहसा निर्मात्याच्या हाती असतो. म्हणजे करार चालू आहे तोवर नट बांधलेला असतो. करार संपला की तो मोकळा होतो, पण त्याच दिवशी निर्माताही मोकळा होतो. नटाला मोल वाढवून मागण्याची खरी संधी ज्या दिवशी मिळते, त्याच दिवशी त्याची गरज उरली आहे का, हा प्रश्नही समोरच्या बाजूने विचारला जाऊ शकतो. आजवरच्या बहुतेक फारकती याच सांध्यावर झाल्या आहेत.

शॉन कॉनरी यांचेच पाहा. १९६२ ते १९६५ या चार वर्षांत दर वर्षी एक याप्रमाणे त्यांचे चार चित्रपट आले. पहिल्याचा खर्च सुमारे १० लाख डॉलर होता आणि चौथ्याचा सुमारे ९० लाख. यावरून मालिका किती झपाट्याने फुगली याचा अंदाज यावा. या वाढीत आपला चेहरा हे मोठे भांडवल आहे हे कॉनरी ओळखून होते, म्हणून त्यांनी वाढीव मानधनाच्या पुढे जाऊन निर्मात्यांबरोबर भागीदारी मागितली. ती नाकारली गेली. सॉल्ट्झमन यांच्याशी तर त्यांचे संबंध पार तुटले. त्यात प्रसिद्धीचा जाच होता. पाचव्या चित्रपटाच्या चित्रीकरणासाठी ते जपानमध्ये असताना छायाचित्रकार स्वच्छतागृहापर्यंत त्यांच्या मागे गेल्याचे सांगितले जाते. याच काळात त्यांनी १९६४ मध्ये हिचकॉक यांच्या आणि १९६५ मध्ये सिडनी ल्यूमेट यांच्या चित्रपटांत मोठ्या भूमिका केल्या होत्या, पण लोकांना ते बाँडशिवाय दुसरे कोणी वाटत नव्हते. हे सगळे एकत्र आले आणि पाचवा चित्रपट पूर्ण होण्याआधीच, हा आपला शेवटचा, असे त्यांनी जाहीर करून टाकले.

येथवर ‘सोडली’ हे खाते बरोबर वाटते. पण १९७१ मध्ये ते परत आले. मधल्या काळात लेझनबी येऊन गेले होते आणि जॉन गॅव्हिन या अमेरिकी नटाशी पुढच्या चित्रपटाचा करारही झालेला होता. युनायटेड आर्टिस्ट्सचे प्रमुख डेव्हिड पिकर यांना मात्र कॉनरीच हवे होते. त्यांनी साडेबारा लाख डॉलर मानधन, शिवाय नफ्यात वाटा आणि कॉनरी यांच्या पसंतीच्या दोन चित्रपटांना भांडवल देऊ केले, आणि कॉनरी तयार झाले. गॅव्हिन यांना कराराचे पूर्ण पैसे देऊन मोकळे करण्यात आले. एकही दृश्य न करता बाँडची भूमिका गमावलेला हा माणूस पुढे मेक्सिकोमध्ये अमेरिकेचा राजदूत झाला.

कॉनरी यांनी ते साडेबारा लाख डॉलर स्कॉटलंडमधल्या तरुणांना शिक्षणासाठी मदत करणारा न्यास उभारण्यासाठी देऊन टाकले. म्हणून ‘पैशासाठी गेले आणि पैशासाठी आले’ असे त्यांच्याविषयी कोणी लिहिले की मला ते अन्यायाचे वाटते. त्यांचा राग हिश्शाविषयी होता आणि तो टिकला. १९८३ मध्ये त्यांनी ईऑनच्या बाहेर, ‘थंडरबॉल’च्या कथेचे हक्क असलेल्या केव्हिन मॅक्लोरी यांच्या सहभागातून झालेल्या चित्रपटात पुन्हा बाँड साकारला, आणि पुढच्याच वर्षी जुन्या चित्रपटांच्या नफ्यावरून ब्रॉकली यांच्यावर दावा लावला.

जुना प्रेक्षक यांचा प्रतिसाद

लेझनबी यांच्याविषयी थोडी भर घालतो, कारण त्यांना काढले असा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे.

ते ऑस्ट्रेलियात जन्मलेले मॉडेल होते. चित्रपटातील अभिनयाचा अनुभव जवळजवळ नव्हता. १९६९ च्या ‘ऑन हर मॅजेस्टीज सिक्रेट सर्व्हिस’ या चित्रपटानंतर त्यांच्यापुढे सात चित्रपटांचा करार ठेवलेला होता आणि त्यावर त्यांनी सही केली नाही. त्यांचे सल्लागार रोनन ओरायली हे समुद्रातल्या जहाजावरून चालणाऱ्या ‘रेडिओ कॅरोलाइन’चे संस्थापक. बदलत्या काळात सूटबूट घातलेला सरकारी हेर कालबाह्य होणार, असे त्यांचे मत होते आणि लेझनबी यांना ते पटले. चित्रपट प्रदर्शित होण्याआधीच त्यांनी आपण पुढे काम करणार नसल्याचे सांगून टाकले आणि पहिल्या खेळाला ते वाढलेले केस आणि दाढी राखून आले. निर्मात्यांना ते किती खटकले असेल, याची कल्पना करावी.

निर्मात्यांशी त्यांचे खटके उडत होते हे खरे. परंतु दार त्यांनीच ओढून घेतले. आज त्या चित्रपटाची गणना मालिकेतल्या उत्तम चित्रपटांत होते, दिग्दर्शक पीटर हंट यांचे काम नावाजले जाते, आणि त्यातला शेवटचा प्रसंग, बाँडच्या पत्नीचा मृत्यू, लेझनबी यांनी ज्या साधेपणाने केला आहे तो पाहिला की हा माणूस पुढे काय झाला असता याची हुरहुर वाटत राहते. सहा जणांत निखळपणे ‘सोडली’ असे मी फक्त त्यांच्याविषयी म्हणेन.

तारीखवार यांचा प्रतिसाद

पडद्यामागचा यांनी मालकी आणि करार यांवर भर दिला आहे. मी त्यात तिसरी गोष्ट जोडू इच्छितो आणि ती म्हणजे दोन चित्रपटांमधले अंतर. कराराचा काळ कॅलेंडरवर चालतो. निर्मिती थांबली म्हणून तो थांबत नाही. डाल्टन आणि ब्रॉस्नन या दोघांच्या कहाण्या एकमेकींत अशा अडकल्या आहेत की त्या वेगळ्या सांगताच येत नाहीत.

१९८६ मध्ये मूर यांच्यानंतर ब्रॉकली यांची निवड ब्रॉस्नन यांच्यावर आली होती. ते तेव्हा ३३ वर्षांचे होते आणि ‘रेमिंग्टन स्टील’ ही त्यांची अमेरिकी दूरचित्रवाणी मालिका एनबीसी वाहिनीने नुकतीच बंद केली होती. पण मालिका बंद केल्यानंतरही ६० दिवसांच्या आत ती पुन्हा सुरू करण्याचा हक्क करारानुसार राखून ठेवलेला होता. ब्रॉस्नन बाँड होणार ही बातमी पसरताच मालिकेविषयीचे कुतूहल वाढले आणि मुदतीच्या अगदी शेवटी तो हक्क बजावला गेला. दर आठवड्याला घरबसल्या दिसणारा गुप्तहेर आपल्या चित्रपटात बाँड म्हणून ब्रॉकली यांना नको होता. ब्रॉस्नन यांना मागे फिरावे लागले, आणि ज्या मालिकेसाठी हे झाले तिचे त्यानंतर मोजकेच भाग निघाले. भूमिका मिळण्यापूर्वीच हातून जाण्याचे याहून क्लेशकारक उदाहरण मला ठाऊक नाही.

त्या रिकाम्या जागी डाल्टन आले. शेक्सपिअर केलेला हा नट १९६८ च्या सुमारास विचारणा झाली तेव्हा, आपण या भूमिकेसाठी फार लहान आहोत असे सांगून बाजूला झाला होता. १९८७ आणि १९८९ या दोन चित्रपटांत त्यांनी बाँडला फ्लेमिंग यांच्या कादंबऱ्यांतला ताण आणि थकवा परत दिला. त्यांचा करार तीन चित्रपटांचा होता आणि तिसऱ्याची तयारी सुरू झालेली होती. तेवढ्यात एमजीएम-युनायटेड आर्टिस्ट्स या भांडवल पुरवणाऱ्या स्टुडिओची मालकी बदलण्याचा घोळ सुरू झाला. नव्या मालकाने जुन्या बाँडपटांचे दूरचित्रवाणी हक्क विकून पैसा उभा करण्याचा बेत आखला, आणि हक्कांची मालकी असलेली ब्रॉकली यांची डॅनजॅक ही कंपनी न्यायालयात गेली. हा वाद १९९२ च्या अखेरीपर्यंत चालला. तोवर डाल्टन यांच्या कराराची मुदत उलटून गेली होती.

पुढे काय झाले ते खुद्द डाल्टन यांनी मुलाखतीत सांगितले आहे. आणखी एक चित्रपट करून, पहिल्या दोनांतले जे जमले ते सगळे एकत्र आणावे, अशी त्यांची इच्छा होती. ब्रॉकली यांचे म्हणणे असे की इतक्या मोठ्या खंडानंतर परत यायचे आणि एकच चित्रपट करून जायचे, हे चालणार नाही. चार-पाच तरी करावे लागतील. डाल्टन यांना आयुष्याचा तेवढा मोठा तुकडा पुन्हा गहाण टाकायचा नव्हता. एप्रिल १९९४ मध्ये त्यांनी आपण बाहेर पडत असल्याचे जाहीर केले. याला काय म्हणायचे? सही न करण्याचा निर्णय त्यांचा होता, म्हणून ‘सोडली’ म्हणता येईल. परंतु न्यायालयातला वाद नसता तर १९९१ च्या आसपास त्यांचा तिसरा चित्रपट आला असता, असे मानायला पुष्कळ जागा आहे. ज्या भांडणाशी त्यांचा काडीमात्र संबंध नव्हता त्याने त्यांची सलगता तोडली, आणि सलगता तुटली की निर्माता हिशेब नव्याने मांडतो.

तो हिशेब मांडताना ब्रॉस्नन ४१ वर्षांचे आणि पूर्ण मोकळे होते. १९९५ ते २००२ या काळात त्यांनी चार चित्रपट केले. मूळ करार तीनांचा आणि चौथ्याचा पर्याय, म्हणजे करार तंतोतंत पुरा झाला. पाचव्याची बोलणी सुरू होती आणि त्यांची करण्याची इच्छाही होती. २००४ मध्ये ते बहामाजमध्ये दुसऱ्या चित्रपटाचे काम करत असताना, बोलणी थांबवली आहेत, असा दूरध्वनी त्यांना आला. हा धक्का होता हे त्यांनी नंतर अनेकदा मोकळेपणाने सांगितले आहे.

प्रश्नकर्त्यांनी विचारले आहे की एवढी कमाई असताना असे का? माझ्या मते कारण कथेत आहे. ‘कसिनो रॉयल’ या पहिल्याच कादंबरीचे हक्क अनेक वर्षे ईऑनच्या हाताबाहेर होते. १९९९ मध्ये सोनी आणि एमजीएम यांच्यातील तडजोडीतून ते मोकळे झाले. त्यावरचा चित्रपट बाँडला नुकताच दोन शून्यांचा, म्हणजे मारण्याचा परवाना असलेल्या हेराचा, दर्जा मिळतो तिथून सुरू करायचा ठरला, तेव्हा पन्नाशीला टेकलेला आणि आधीच चार वेळा जग वाचवलेला बाँड त्या कथेत बसणे शक्यच नव्हते. शिवाय आधीच्या चित्रपटातली अदृश्य होणारी मोटार आणि संगणकावर रचलेल्या लाटा यांपासून निर्मात्यांना दूर जायचे होते. ब्रॉस्नन यांच्या कामात काही उणे होते म्हणून हे घडले नाही. मालिकेची दिशा बदलली आणि जुन्या दिशेचा चेहरा त्यांचा होता.

सिनेजिज्ञासू

तिन्ही प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. १९८६ च्या त्या ६० दिवसांची हकीकत मला मुळीच माहीत नव्हती.

तारीखवार यांनी ब्रॉस्नन यांचे वय कथेच्या संदर्भात आणले, ते पटले. पण मग मूर यांच्याबाबत हाच नियम का लावला गेला नाही? सात चित्रपट, बारा वर्षे, आणि शेवटच्या दोन-तीन चित्रपटांत धावण्याच्या प्रसंगी बदली साहसवीर स्पष्ट ओळखू येतो. आणि दुसरे असे, की बाँडच्या बाहेर पाहिले तर टॉम क्रूझ १९९६ पासून २०२५ पर्यंत एकाच हेराच्या भूमिकेत राहिले. ते कसे जमले?

जुना प्रेक्षक यांचा प्रतिसाद

मूर यांचे उत्तर द्यायला मला आवडेल, कारण माझ्या पिढीचे बाँड तेच होते.

त्यांचा पहिला करार तीन चित्रपटांचा होता. १९७७ चा तिसरा चित्रपट फार मोठा चालला, आणि त्यापुढे प्रत्येक चित्रपटासाठी नव्याने बोलणी होऊ लागली. म्हणजे १९७९ पासून प्रत्येक वेळी मूर हे ‘कदाचित पुन्हा येणार नाहीत’ असेच होते. निर्मातेही दरवेळी इतर नटांच्या चाचण्या घेऊन ठेवत. १९८३ च्या ‘ऑक्टोपसी’साठी जेम्स ब्रोलिन या अमेरिकी नटाची चाचणी झाली होती आणि तिच्यात आपले विजय अमृतराजही त्यांच्यासमोर होते. ती चाचणी आता पाहायला मिळते, आणि ब्रोलिन त्यात चांगलेच शोभतात. पण त्याच वर्षी कॉनरी यांचा प्रतिस्पर्धी बाँडपट येणार हे कळले. खऱ्या कॉनरीसमोर अनोळखी चेहरा उभा करण्याचे धाडस निर्मात्यांनी केले नाही आणि मूर यांना परत बोलावले. मूर तेव्हा ५५ वर्षांचे होते. वयाचा नियम होताच, पण त्या वर्षी त्याहून मोठी गरज समोर उभी राहिली.

१९८५ च्या चित्रपटानंतर मात्र ते थांबले. आपल्या नायिकेच्या आईहूनही आपण वयाने मोठे आहोत हे कळल्यावर आता पुरे झाले असे वाटले, असे त्यांनीच सांगितले आहे. त्या चित्रपटातला हिंसाचारही त्यांना आवडला नव्हता. ब्रॉकली यांच्याशी त्यांची मैत्री अखेरपर्यंत टिकली, आणि मालिकेतून इतक्या सौम्यपणे बाहेर पडलेला दुसरा कोणी मला दिसत नाही.

एक गोष्ट जाता जाता. ‘क्यू’ची भूमिका करणारे डेस्मंड ल्युएलिन १९६३ पासून १९९९ पर्यंत १७ चित्रपटांत होते आणि पाच बाँडना त्यांनी साधने पुरवली. त्यांचे काम काही दिवसांत आटोपत असे. नायकाला मात्र प्रत्येक चित्रपटासाठी सहा-सात महिने चित्रीकरण, त्याआधी शारीरिक तयारी आणि त्यानंतर देशोदेशी प्रसिद्धीचा दौरा असा दीड-दोन वर्षांचा काळ द्यावा लागतो. नट का थकतो याचे उत्तर या फरकात पुष्कळसे आहे.

पडद्यामागचा यांचा प्रतिसाद

क्रूझ यांचा प्रश्न अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवतो. १९९६ च्या पहिल्या ‘मिशन इम्पॉसिबल’पासून ते त्या चित्रपटांचे निर्मातेही आहेत. कोणता दिग्दर्शक, कोणती कथा, पुढचा चित्रपट कधी, हे ठरवणाऱ्या टेबलाशी ते स्वतः बसलेले असतात. २००६ मध्ये पॅरामाउंट स्टुडिओने त्यांच्या निर्मितीसंस्थेशी असलेला करार संपवला, तेव्हा आता ही मालिका त्यांच्याशिवाय चालेल असे कोणालाही वाटले असते. पण पाच वर्षांनी पुढचा भाग आला तो त्यांनाच घेऊन. याउलट मॅट डेमन यांचे पाहा. दिग्दर्शक पॉल ग्रीनग्रास नसतील तर आपण जेसन बोर्न करणार नाही, असे त्यांनी म्हटले, आणि ग्रीनग्रास बाजूला झाल्यावर तेही थांबले. स्टुडिओने २०१२ मध्ये त्याच जगात जेरेमी रेनर यांना नवा हेर म्हणून घेऊन चित्रपट काढला. डेमन २०१६ मध्ये परतले, तेही ग्रीनग्रास यांच्याबरोबरच. नटाला ‘नाही’ म्हणता येते, पण त्याच्या ‘नाही’ने काम थांबत नाही, ते थांबवण्याची ताकद निर्मात्याच्या खुर्चीत असते.

आता क्रेग, आणि त्यांच्यासोबतच प्रश्नकर्त्यांचा अगदी पहिला मुद्दा, की जाणाऱ्या नटाची चित्रपटाला खबर का नसते.

साधे कारण असे की चित्रीकरण चालू असताना तो जाणार आहे हे कोणालाच पक्के ठाऊक नसते. निर्णय होतो तो प्रदर्शनानंतर, कधी महिन्यांनी, कधी वर्षांनी. १९८९ मध्ये तलावात उडी मारणारे डाल्टन तिसऱ्या चित्रपटासाठी करारबद्ध होते. २००२ मध्ये ब्रॉस्नन यांना पाचवा चित्रपट मिळेल असेच वाटत होते. लेझनबी यांनी सांगितले तोवर चित्रीकरण संपलेले होते. कॉनरी यांनी १९६६ मध्ये चित्रीकरण चालू असताना सांगितले, पण ते विचार बदलतील ही आशा निर्मात्यांनी सोडली नव्हती, आणि जाणारा नट परत येऊ शकतो असे वाटत असताना त्याला पडद्यावर निरोप कोण देईल? मूर यांचा तर १९७९ पासून प्रत्येकच चित्रपट शेवटचा ठरू शकला असता.

क्रेग यांनाही डाल्टन यांच्यासारखाच खंड सोसावा लागला. २०१० मध्ये एमजीएम दिवाळखोरीत गेली आणि तिसऱ्या चित्रपटाचे काम थांबले. २००८ नंतर थेट २०१२ उजाडले. पण या वेळी नटाला बदलायचे नाही हे अल्बर्ट ब्रॉकली यांची मुलगी बार्बरा ब्रॉकली आणि सावत्र मुलगा मायकेल विल्सन या नव्या पिढीच्या निर्मात्यांनी मनाशी धरलेले होते, आणि ‘स्कायफॉल’ने १०० कोटी डॉलरांचा टप्पा ओलांडून ते सार्थ ठरवले. म्हणून तारीखवार यांच्या मताला माझी थोडी पुरवणी आहे: खंड पडला म्हणजे नट जातोच असे नाही; त्या खंडात त्याच्या बाजूने कोण उभे राहते, हेही पाहावे लागते.

२०१५ मध्ये ‘स्पेक्टर’ पूर्ण करताना क्रेग यांचा गुडघा दुखावलेला होता, आणि त्या थकव्यात त्यांनी एका मुलाखतीत, पुन्हा बाँड करण्यापेक्षा मनगट कापून घेईन, अशा अर्थाचे विधान केले. ते जगभर छापले गेले आणि लोक त्यांना कृतघ्न म्हणाले. मला तसे कधीच वाटले नाही. कित्येक महिने दुखऱ्या पायावर उभ्या असलेल्या माणसाला काम संपल्यासंपल्या, पुन्हा कधी, असे विचारले तर तो आणखी काय म्हणणार? त्या चित्रपटाच्या शेवटी बाँड जुन्या ॲस्टन मार्टिन मोटारीत बसून प्रेयसी मॅडलेनला घेऊन निघून जातो. तोच निरोप ठरला असता, पण क्रेग यांनी दोन वर्षांनी परतण्याचे जाहीर केले.

यात मालकीचा मुद्दा पुन्हा येतो. ‘स्पेक्टर’ आणि ‘नो टाइम टू डाय’ या दोन्ही चित्रपटांच्या श्रेयनामावलीत सहनिर्माता म्हणून क्रेग यांचे नाव आहे. कॉनरी यांनी मागितलेली भागीदारी अर्थातच याहून फार मोठी होती, हे मी जाणतो. तरीही निर्णयाच्या टेबलाशी नटाला खुर्ची मिळायला या मालिकेत पन्नासहून अधिक वर्षे लागली, आणि ती खुर्ची मिळालेल्या एकमेव नटालाच आपला शेवट कसा असावा हे आधी ठरवता आले.

ते किती आधी ठरले होते, हे क्रेग यांनीच सांगितले आहे. २००६ मध्ये ‘कसिनो रॉयल’च्या बर्लिनमधल्या खेळानंतर ते आणि बार्बरा ब्रॉकली एकाच मोटारीतून परतत होते. आपल्याला एकूण किती चित्रपट करायचे आहेत, असे क्रेग यांनी विचारले. चार, असे उत्तर मिळाले. मग शेवटच्या चित्रपटात मी बाँडला मारू शकतो का, असा त्यांचा पुढचा प्रश्न होता, आणि बार्बरा ब्रॉकली हो म्हणाल्या. चाराचे पाच झाले आणि मध्ये पंधरा वर्षे गेली, पण मोटारीत दिलेला तो शब्द पाळला गेला.

सिनेजिज्ञासू

म्हणजे २००६ चा चित्रपट लोकांनी नीट पाहायच्या आत त्याचा शेवट ठरलेला होता. ‘नो टाइम टू डाय’मधली शेवटची दहा मिनिटे मी आज रात्री हे डोक्यात ठेवून पुन्हा पाहणार आहे. गॅव्हिन आणि ब्रोलिन यांच्याविषयी कोणी अधिक वाचले असेल, तर त्यासाठी स्वतंत्र प्रश्न विचारतो. ज्यांना ही भूमिका मिळता मिळता राहिली, त्यांची यादीही मोठी दिसते.